'शमुवेल' या हिब्रू नावाचा अर्थ आणि उगम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबलमधील नावांपैकी शमुवेल हे नाव मराठी कानांना अनोळखी नाही. ख्रिस्ती कुटुंबांत ते सर्रास ठेवले जाते आणि कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजात तर ते मराठी वळण घेऊन रुळले. मात्र या नावाच्या अर्थाबद्दल छापील नामकोशांत आणि इंटरनेटवरील याद्यांत जी एका ओळीची उत्तरे मिळतात, त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय उत्तर, 'देवाने ऐकले', हिब्रू व्याकरणाच्या कसोटीवर टिकत नाही.

शमुवेल, सॅम्युअल, सामुएल आणि समाजी ही एकाच नावाची रूपे आहेत का?

होय. मूळ हिब्रू उच्चार 'श्मुएल' असा असून त्यातील शेवटच्या 'एल' या भागावर जोर येतो. हिब्रूत हे नाव शिन, मेम, वाव, आलेफ आणि लामेद या पाच अक्षरांनी लिहिले जाते. इसवी सनापूर्वीच्या शतकांत बायबलचा ग्रीक अनुवाद झाला, तेव्हा ग्रीक लिपीत 'श' या ध्वनीसाठी अक्षर नसल्याने 'श'चा 'स' झाला आणि 'सामुएल' हे रूप तयार झाले. ग्रीकमधून ते लॅटिनमध्ये व तेथून युरोपच्या बहुतेक भाषांत गेले. इंग्रजांनी त्याचा उच्चार 'सॅम्युअल' असा केला, रशियनमध्ये 'सामुइल' झाले, आर्मेनियनमध्ये 'सामवेल' आणि इटालियनमध्ये 'सामुएले'. मराठी बायबलमधील 'शमुवेल' हे रूप मात्र ग्रीकच्या वाटेने आलेले नाही, कारण त्यात हिब्रूचा 'श' शाबूत आहे. 'समाजी' हे या नावाचे कोकणी वळणाचे रूप असून त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

या नावाचा भाषाशास्त्रीय अर्थ काय?

नावाचे दोन भाग पडतात. पहिला भाग 'शेम', म्हणजे 'नाव', आणि दुसरा भाग 'एल', म्हणजे 'देव'. या दोहोंच्या मध्ये जो 'उ' येतो, त्याच्याकडे कसे पाहावे यावर अभ्यासकांत दोन मते आहेत. तो प्राचीन सेमिटिक (हिब्रू, अरबी यांच्या कुळातील) भाषांतील प्रथमा विभक्तीच्या प्रत्ययाचा उरलेला अंश मानला, तर 'देवाचे नाव' असा अर्थ होतो. तो 'त्याचे' या अर्थाचा सर्वनामी प्रत्यय मानला, तर 'त्याचे नाव एल आहे' असे छोटेसे वाक्यच नावात दडलेले सापडते.

पहिल्या मताला बायबलमध्येच एक सुंदर पुरावा आहे. इस्राएलांचा पूर्वज याकोब याने रात्रभर झुंज दिली त्या ठिकाणाचे नाव बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात लागोपाठच्या दोन वचनांत एकदा 'पनीएल' आणि एकदा 'पनुएल' असे आले आहे. दोन्हींचा अर्थ 'देवाचे मुख' असाच आहे. जोडणारा स्वर कधी 'ई' तर कधी 'ऊ' असला तरी अर्थाला बाधा येत नाही, हे यावरून दिसते आणि 'शमुवेल'मधला 'उ'सुद्धा याच जातीचा असावा, असे मानण्यास बळ मिळते. याकोबाची आई रिबेका हिच्या पित्याचे 'बथुवेल' हे नावही याच घडणीचे आहे.

पण बहुतेक ठिकाणी 'देवाने ऐकले' असा अर्थ दिलेला असतो. तो चुकीचा आहे का?

व्युत्पत्ती म्हणून तो स्वीकारणे कठीण आहे. 'ऐकणे' या अर्थाच्या हिब्रू धातूत शिन, मेम आणि आयिन अशी तीन व्यंजने आहेत. आयिन हा घशातून उच्चारला जाणारा ध्वनी असून तो त्या धातूचा तिसरा खांब आहे. ज्या नावांत हा धातू खरोखर आहे, त्यांत आयिन टिकून राहिलेला दिसतो. इश्माएल या नावाचा अर्थ 'देव ऐकतो' असा आहे आणि त्यात आयिन आहे. 'परमेश्वराने ऐकले' म्हणून याकोबाची बायको लेआ हिने आपल्या दुसऱ्या मुलाचे नाव शिमोन ठेवले, त्यातही आयिन आहे. शमुवेलच्या पाच अक्षरांत आयिन कोठेच नाही, त्या जागी आलेफ आहे आणि तो 'एल' या शब्दाचा आहे. 'ऐकले' हा अर्थ लावायचा तर मधला आयिन गळून पडला असे गृहीत धरावे लागते, आणि त्याला आधार देता येत नाही.

मराठी वाचकांची येथे फसगत होण्याचे कारण साधे आहे. आलेफ आणि आयिन या दोन वेगवेगळ्या व्यंजनांसाठी देवनागरीत वेगळी अक्षरे नाहीत, त्यामुळे लिप्यंतरात दोन्ही नाहीशी होतात आणि 'शमुएल' व 'इश्माएल' ही नावे डोळ्यांना सख्ख्या भावंडांसारखी दिसू लागतात. रोमन लिपीतही हेच घडते, म्हणूनच हा गैरसमज केवळ आपल्याकडचा नाही.

तरीही या अर्थाचा मोह का पडतो, हे समजण्यासारखे आहे. शमुवेल या संदेष्ट्याच्या कथेत ऐकण्याला मोठे स्थान आहे. शिलो येथील मंदिरात झोपलेल्या लहान शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते, तो तीन वेळा वृद्ध याजक एलीकडे धावत जातो, आणि अखेर एलीच्या सांगण्यावरून 'बोल, तुझा दास ऐकत आहे' असे उत्तर देतो. कथा ऐकण्याची आहे, नाव मात्र ऐकण्याचे नाही.

बायबल स्वतः या नावाचे काय कारण देते?

बायबल वेगळेच कारण देते, आणि संपूर्ण प्रश्नातला खरा रस येथेच आहे. एफ्राइमच्या डोंगराळ मुलखातील एलकाना याच्या दोन बायका होत्या. पनिन्नेला मुले होती आणि हन्नेला नव्हती. दरवर्षी शिलोच्या यात्रेत सवत तिला टोचून बोलत असे. एका वर्षी हन्नेने मंदिरात रडत रडत नवस केला, की मला मुलगा झाला तर मी तो आयुष्यभरासाठी परमेश्वराला देईन आणि त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. तिचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता, म्हणून एलीने तिला मद्यपी समजून झापले. (यहुदी परंपरेने पुढे याच प्रसंगावरून प्रार्थना पुटपुटण्याचे नियम काढले, म्हणजे ज्या बाईला याजकाने दटावले तीच प्रार्थनेचा आदर्श ठरली.) पुढे तिला मुलगा झाला. बायबलच्या '१ शमुवेल' या पुस्तकात (१:२०) सांगितले आहे, की तिने त्याचे नाव शमुवेल ठेवले, कारण तिने त्याला परमेश्वराकडून मागून घेतले होते.

'नवस' हा शब्द मी येथे जाणूनबुजून वापरला आहे. हिब्रूतील 'नेदेर' या शब्दाला मराठीत याहून चपखल शब्द नाही, आणि 'नवसाचा मुलगा' म्हटल्याबरोबर जे सारे मराठी वाचकाच्या मनात उभे राहते, म्हणजे मागणे, होणे, केस राखणे आणि शेवटी फेडणे, ते सर्व हन्नेच्या कथेत त्याच क्रमाने आहे. फरक इतकाच की हन्ना नवस फेडते तो मुलालाच मंदिरात सोडून. दूध तुटल्यावर ती त्याला शिलोला नेऊन ठेवते आणि त्यानंतर दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटासा झगा शिवून नेते.

आता अडचण अशी, की 'मागणे' या अर्थाचा हिब्रू धातू शिन, आलेफ, लामेद असा आहे. ही तिन्ही व्यंजने शमुवेलच्या नावात आहेत खरी, पण मध्ये मेम येऊन बसला आहे आणि त्याचा हिशेब लागत नाही. मध्ययुगीन यहुदी भाष्यकारांनी 'शाऊल मे-एल', म्हणजे 'देवाकडून मागितलेला', या शब्दांचा तो संक्षेप आहे अशी वाट काढली. ती चतुर आहे, परंतु हिब्रू नावे अशा रीतीने शब्द कापून घडत नाहीत.

हन्नेने दिलेले कारण शौल राजाच्या नावाला अधिक लागू पडते, असे म्हणतात ते खरे का?

अगदी खरे आहे. इस्राएलचा पहिला राजा शौल याचे हिब्रू नाव 'शाऊल' आहे आणि त्याचा अर्थच 'मागितलेला' असा होतो. 'मागणे' हा धातू '१ शमुवेल'च्या पहिल्या अध्यायात वेगवेगळ्या रूपांनी सात वेळा आला आहे. एली म्हणतो, 'तू जे मागणे मागितलेस ते देव देवो', हन्ना म्हणते, 'मी मागितलेले मागणे त्याने दिले', आणि २८व्या वचनात मुलाला मंदिरात सोडताना ती जे वाक्य बोलते, त्यात 'हू शाऊल' हे शब्द जसेच्या तसे येतात. तेथे त्यांचा अर्थ 'तो परमेश्वराला दिलेला आहे' असा असला, तरी मूळ हिब्रू ऐकणाऱ्याच्या कानावर 'तो शौल आहे' हेच पडते.

यावरून विसाव्या शतकातील काही अभ्यासकांनी असा तर्क केला, की ही जन्मकथा मुळात शौलाची असावी आणि पुढे ती शमुवेलाच्या नावावर चढली असावी. हा तर्क आकर्षक असला तरी मला तो अपुरा वाटतो. शिलोचे मंदिर, एली, त्याची बिघडलेली मुले आणि मंदिरात वाढणारा मुलगा हे सारे शमुवेलाच्याच चरित्राचे भाग आहेत आणि बन्यामीन वंशातील शौलाचा शिलोशी काही संबंध दिसत नाही. हा शब्दखेळ कथाकाराने हेतुपुरस्सर केला आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे आठव्या अध्यायात लोक शमुवेलाकडे राजा 'मागतात', तेव्हाही तोच धातू येतो आणि त्यांना मिळतो तो शाऊल. एका स्त्रीने मागितलेला संदेष्टा आणि लोकांनी मागितलेला राजा ही जोडी कथाकाराने पहिल्याच पानावर मांडून ठेवली आहे.

जाता जाता एक गोष्ट : स्वरचिन्हांवाचून लिहिले तर 'शाऊल' आणि मृतांचे निवासस्थान असलेले 'शेओल' हे दोन्ही शब्द हिब्रूत सारखेच दिसतात. शौलाच्या आयुष्याची अखेर शमुवेलाच्या आत्म्याला पाताळातून बोलावण्याच्या प्रसंगाने जवळ येते, हे वाचताना हे साम्य आठवल्यावाचून राहत नाही.

मग बायबलने दिलेली व्युत्पत्ती खोटी म्हणायची का?

खोटी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ती व्युत्पत्ती म्हणून दिलेलीच नाही. बायबलमध्ये आई किंवा बाप नावाचे जे कारण सांगतात, ते धातूवर नव्हे तर नादावर उभे असते. नोहा या नावाचा मूळ धातू 'विसावा' या अर्थाचा आहे, पण त्याचा बाप कारण देतो ते 'सांत्वन' या अर्थाच्या वेगळ्या धातूवरून. बाबेल या नावाचा बाबिलोनी भाषेतील अर्थ 'देवाचे द्वार' असा घेतला जात असे, बायबल मात्र 'घोटाळा करणे' या हिब्रू धातूशी त्याचा संबंध जोडते. अशा ठिकाणी प्रश्न 'हे नाव कोठून आले' असा नसून 'हे नाव उच्चारताना काय आठवावे' असा असतो.

'एल' हा शब्द नेमका कोणाचा वाचक आहे?

हिब्रूत 'एल' म्हणजे देव, आणि अनेकदा इस्राएलचा देव. हा शब्द हिब्रूपेक्षा जुना असून अक्काडी या प्राचीन मेसोपोटेमियाच्या भाषेत त्याचे रूप 'इलू' आहे, तर अरबीतील 'इलाह' हा शब्दही त्याच कुळातला आहे. सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित या प्राचीन नगराच्या मातीच्या पाट्यांत 'एल' हे देवसभेच्या प्रमुखाचे विशेषनाम आहे. दानिएल, गब्रिएल, मिखाएल, यहेज्केल आणि खुद्द इस्राएल या सर्व नावांच्या शेवटी हाच 'एल' बसलेला आहे. शमुवेलाच्या थोरल्या मुलाचे नाव योएल होते. त्यात 'यो' हा यहोवा या नावाचा संक्षेप असून 'यहोवा हाच देव' असा त्याचा अर्थ होतो.

हे नाव किती प्राचीन आहे?

शमुवेल संदेष्टा परंपरेनुसार इसवी सनपूर्व अकराव्या शतकात होऊन गेला. नावाचा साचा मात्र त्याहून बराच जुना आहे. बाबिलोनच्या पहिल्या राजवंशाच्या आरंभी, म्हणजे इसवी सनपूर्व एकोणिसाव्या शतकात, सुमू-अबुम आणि सुमू-ला-एल या नावांचे राजे झाले. कायद्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हम्मुराबीचा सुमू-ला-एल हा खापरपणजोबा. हे घराणे अमोरी वंशाचे होते आणि त्यांच्या नावांतील 'सुमू' हा घटक हिब्रूतील 'शेम'चाच नातलग आहे. 'नाव' या शब्दाला त्या संस्कृतीत 'वंश' आणि 'कीर्ती' अशाही छटा होत्या, त्यामुळे अशा नावांत 'देवाचे अपत्य' असा अर्थ पाहणारे अभ्यासकही आहेत.

बायबलमध्ये या नावाची दुसरी माणसे आहेत का?

आहेत, पण केवळ याद्यांपुरती. गणना ३४:२० मध्ये शिमोन वंशाचा प्रतिनिधी म्हणून अम्मीहूदाचा मुलगा शमुवेल येतो आणि १ इतिहास ७:२ मध्ये इस्साखार वंशातील तोला याच्या मुलांत एक शमुवेल आहे.

शमुवेल आणि शमशोन ही नावे परस्परांशी संबंधित आहेत का?

नाहीत. शमशोन (इंग्रजीत सॅमसन) हे नाव सूर्य या अर्थाच्या 'शेमेश' या शब्दावरून आले आहे. इंग्रजीत दोन्ही नावांचा लाडाचा संक्षेप 'सॅम' होत असल्यामुळे हा गोंधळ होतो. मात्र दोघांच्याही केसांना वस्तरा लावायचा नव्हता. मृत समुद्राजवळ सापडलेल्या हस्तलिखितांपैकी शमुवेलाच्या पुस्तकाच्या एका प्रतीत तर शमुवेलाला स्पष्टपणे 'नाजीर', म्हणजे असे व्रत घेतलेला, म्हटले आहे. प्रचलित हिब्रू पाठात तो शब्द नाही.

अरबी आणि इस्लामी परंपरेत या नावाचे काय झाले?

कुराणाच्या दुसऱ्या सूरेत, २४६व्या आयतीपासून, इस्राएलचे लोक आपल्या संदेष्ट्याकडे राजा मागतात तो प्रसंग येतो. तेथे संदेष्ट्याचे नाव दिलेले नाही. भाष्यकारांनी ते शमवील किंवा इश्मवील असे सांगितले. जेरुसलेमच्या वायव्येस ज्या टेकडीवर त्याची कबर मानली जाते, तिला अरबीत नबी समवील म्हणतात. तेथे मशीद आहे आणि यहुदी लोकही तेथे प्रार्थनेला जातात.

अरबांमध्ये 'समौअल' हे रूप इस्लामपूर्व काळापासून प्रचलित होते. सहाव्या शतकातील यहुदी कवी समौअल इब्न आदिया याच्याकडे इम्रुउल-कैस या कवीने आपली चिलखते ठेव म्हणून ठेवली होती. शत्रूने समौअलच्या मुलाला पकडून त्याच्या डोळ्यांदेखत मारले, तरी त्याने ती ठेव दिली नाही, अशी कथा आहे. 'समौअलाहून इमानी' हा वाक्प्रचार अरबीत तेव्हापासून रूढ झाला.

'समाजी' हे नाव शमुवेलपासून कसे झाले?

कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवण्यामुळे शनवार तेली म्हटले जाई, त्यांनी बायबलमधील नावे टिकवली खरी, पण ती आजूबाजूच्या मराठी नावांच्या साच्यात बसवून. नावाचा पहिला भाग घ्यायचा आणि त्याला 'जी' जोडायचा, ही ती रीत. अब्राहामचा अबाजी झाला, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी, यहेज्केलचा हसाजी आणि शमुवेलचा समाजी. आडनावे गावांवरून आली : किहीमचे किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, राजपुरीचे राजपूरकर. 'अबाजी' आणि 'इसाजी' ही नावे तर मराठेशाहीच्या कागदांत कोणाचीही असू शकतील, इतकी ती येथल्या मातीची आहेत.

यांपैकी सर्वांत प्रसिद्ध समाजी म्हणजे समाजी हसाजी दिवेकर, अर्थात शमुवेल यहेज्केल दिवेकर. इंग्रजांच्या फौजेत अधिकारी असताना दुसऱ्या म्हैसूर युद्धात तो टिपू सुलतानाच्या कैदेत पडला आणि सुटून आला. त्या सुटकेची कृतज्ञता म्हणून त्याने १७९६ मध्ये मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनास्थळ बांधले, असे समाजात सांगितले जाते. 'दयेचे द्वार' या अर्थाचे 'शआर हाराहमीम' हे त्याचे हिब्रू नाव. बेने इस्राएल लोक प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत, म्हणून ही 'जुनी मशीद' झाली, आणि मशीद या रेल्वे स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले, असे मानणारे पुष्कळ आहेत. प्रार्थनास्थळ ज्या रस्त्यावर आहे तो सॅम्युअल स्ट्रीट. समाजीचा सॅम्युअल होऊन तो पाटीवर चढला.

एकोणिसाव्या शतकात या समाजात हिब्रूचे शिक्षण वाढले. कोचीनचे यहुदी शिक्षक येत होते, तसेच स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्राएलांसाठी हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. ग्रंथातले मूळ रूप डोळ्यांसमोर आल्यावर आणि इंग्रजी शाळांत नावे इंग्रजी वळणाने लिहिली जाऊ लागल्यावर 'जी' मागे पडला. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम शमुवेल किहीमकर (१८३०–१९०९) यांच्या पिढीपर्यंत आजोबा समाजी आणि नातू सॅम्युअल असे चित्र सामान्य झाले होते.

मराठीत हे नाव कसे लिहावे?

संदर्भ पाहून लिहावे. बायबलमधील संदेष्ट्याविषयी किंवा ग्रंथाविषयी लिहिताना 'शमुवेल' हेच रूप योग्य, कारण मराठी वाचकाला ते त्याच नावाने सापडेल. त्यातील 'वे' हा मराठीने घातलेला आहे. हिब्रूत 'उ' आणि 'ए' यांच्यामध्ये आलेफचा क्षणभर अडखळणारा ध्वनी असतो, मराठी जिभेने ती फट 'व'ने भरून काढली. आधुनिक इस्राएलमधील व्यक्तीचे नाव 'श्मुएल' लिहावे, उदाहरणार्थ १९६६ च्या साहित्याच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी श्मुएल योसेफ अग्नोन. इंग्रजी व्यक्तीला 'सॅम्युअल' ठीक आहे. आणि जुन्या कोकणी कागदात 'समाजी' असेल, तर तो तसाच ठेवावा, त्याचा 'शमुवेल' करू नये.

मुलाचे हे नाव ठेवायचे असल्यास पत्रिकेत किंवा कार्डावर कोणता अर्थ द्यावा?

'देवाचे नाव' किंवा 'त्याचे नाव देव आहे' असा अर्थ द्यावा. फार वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मूल झाले असेल, तर 'देवाकडून मागून घेतलेला' असेही लिहिता येईल, कारण ते हन्नेचे स्वतःचे शब्द आहेत. यहुदी नववर्षाच्या पहिल्या दिवशी प्रार्थनास्थळात तिचीच कथा वाचली जाते. 'देवाने ऐकले' हे मात्र इश्माएलसाठी आणि शिमोनसाठी राखून ठेवावे.